धाकटी

मिरजेत गाडीत बसलं की चौथ्या दिवशी गुवाहाटी.
पुढं सुमोत, मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून
डोंगर चढायचा.
चौथीच्या भूगोलात हा सगळा मुलूख एका ओळीत होता,
सगळ्यात जास्त पाऊस, एवढंच,
आणि आम्ही ती ओळ पाठ करायचो
गार्डीच्या शाळेत, टँकरची वाट बघत.

अधिकदादा बावीस वर्षं शिलाँगमध्ये आहे.
गलाईचं दुकान. सोनारांच्या दुकानातला केर विकत घेतो,
जाळतो, चाळतो, मुशीत घालतो,
टाकणखार, तेजाब,
आणि तळाशी मसुराएवढा पिवळा मणी.
"मातीत पण असतंय शालन, बघणारा पायजे,"
तो म्हणाला. भुवया जळलेल्या. हात तसेच, आईसारखे.

त्यानं सगळं दाखवलं.
झाडांच्या मुळ्या विणून केलेला पूल,
आजोबानं लावायचा आणि नातवानं ओलांडायचा.
देवराई, जिथून पान उचलून आणायचं नाही.
तळं. ढग तर दारातून आत येऊन
वाळत घातलेल्या बनियनला भिजवून जायचे.
मी म्हटलं, आमच्याकडं पाठवा थोडे.
सगळे हसले.

घरमालकीण काँग बाशिशा.
काँग म्हणजे ताई.
खांद्यावर गाठ मारलेलं चौकड्याचं वस्त्र,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा.
तिनं हिरवी सुपारी दिली, चुना लावलेल्या पानात,
खाल्ली तर कानशिलं तापली, घाम फुटला थंडीत.
ती दादाशी तिच्या भाषेत बोलायची
आणि दादा मला मराठीत सांगायचा:
जेवलीस का म्हणते. साडी छान आहे म्हणते.
किती भावंडं म्हणते.
चार बहिणी, एक भाऊ, मी म्हटलं. मी शेंडेफळ.

बाशिशा एकदम सरसावून बसली.
काहीतरी विचारलं.
दादानं सांगितलं नाही.
तिनं परत विचारलं.
दादा उठला, भट्टी बघून येतो म्हणाला.

तिची नववीतली पोरगी हिंदीत म्हणाली,
"अम्मा पूछती है, सबसे छोटी हो,
तो माँ का घर तुम्हारे पास है ना?"
त्यांच्यात असंच. घर धाकटीचं.
आईचं नाव मुलांना, चूल धाकटीला,
म्हाताऱ्यांचं शेवटचं पाणीही तिच्याच हातचं.
बाशिशा पण धाकटी.

मी पदरानं तोंड पुसलं.
सुपारीचा घाम होता.

सहा वर्षांपूर्वी विट्याला, निबंधकाच्या कचेरीत,
हक्कसोडपत्र. राजीखुशीनं, असं लिहिलेलं.
चौघींच्या सह्या, थोरलीचा अंगठा.
दादा एका दिवसासाठी विमानानं आलेला.
स्टँडसमोर मिसळ खाल्ली, चार इरकली घेतल्या,
माझी हिरवी.
मला वाईट वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं.
आईला शेवटचे अकरा महिने मी उचलत होते,
तेव्हाही घर कुणाचं हे डोक्यात आलं नाही.
विचारलंच नव्हतं कुणी.

निघताना बाशिशानं तमालपत्राची पुडी दिली.
"खुब्लेई," म्हणाली.
दादा गाडीपर्यंत आला. खिशात काही शोधत राहिला.
"घरपट्टीचं बघ गं तेवढं," म्हणाला.

काल विट्याहून एसटीनं गार्डीला गेले.
ग्रामपंचायतीत अधिकरावांच्या नावची पावती फाडली.
कुलूप काढलं. किल्ली माझ्याकडंच असते.
माजघर झाडलं, सोपा झाडला,
आईच्या खाटेखालची बारीक माती,
पालीचं अंडं, एक हिरवी काच बांगडीची.
सगळं सुपलीत भरलं
आणि उंबऱ्यात उभी राहिले,
टाकू की नको.

समोरून पारूबाई ओरडली,
"आलीस का गं? काय काय बघितलंस तिकडं?"

"ढग," म्हटलं मी.